बायजाबाईसाहेब शिंदे : माहेर, सासर आणि दौलत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. भजनात टाळ धरून मागच्या रांगेत बसणारी मी बाई. पण चिटणीसबाईंनी गेल्या महिन्यात घरी येऊन सांगितले की, यंदा बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही, आपल्यातल्याच कुणीतरी काहीतरी वाचून बोलायचे. नाही म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. तेव्हा चुकले-माकले पदरात घ्या.

विषय सुचला तो नातीमुळे. ती स्पेन देशाच्या एका राजकन्येची हकिकत वाचीत होती. तिकडे राजकन्येला इन्फांता म्हणतात. या इन्फांतेचे नाव लुईसा फर्नांडा, जन्म १८३२ चा. ती दीड वर्षाची असताना बाप वारला. राजाला मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरली इसाबेला तीन वर्षांची होती, ती गादीवर बसली आणि आई मारिया क्रिस्तीना तिच्या नावाने कारभार पाहू लागली. चुलता म्हणाला, मुलीला कसली गादी? गादी माझी! झाले, सात वर्षे घरातल्या घरात लढाई. १८४० साली आईला कारभार सोडून देशाबाहेर जावे लागले. पुढे १८४६ मध्ये दोघी बहिणींची लग्ने एकाच दिवशी लावली, धाकटीचे तर ती चौदा वर्षांची असताना; आणि नवरे कोण असावेत याची चर्चा अर्ध्या युरोपाच्या दरबारांत झाली. मुलींना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

नातीने मला विचारले, "आजी, आपल्याकडे अशी कुणी नव्हती का?" मी म्हटले, अगं, होती की! आणि तीही त्याच वर्षी घराबाहेर पडली, ज्या वर्षी तुझी ती तीन वर्षांची राणी गादीवर बसली. सन १८३३. कागलच्या घाटग्यांची लेक आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांची सून, बायजाबाईसाहेब.

आपण आळंदीकरांना शिंदे परके नाहीत. महाद्वारात आत शिरताना पहिल्या पायरीला आपण हात लावतो ती हैबतबाबांची पायरी. कार्तिकीचा सोहळा त्या पायरीच्या पूजेने सुरू होतो हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. हे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी होते, ते सोडून इथे आले आणि माउलींच्या पालखीचा आजचा थाट त्यांनी घालून दिला, असे परंपरेने सांगतात. हा काळ १८३२ च्या सुमाराचा. म्हणजे इथे पालखी पहिल्यांदा घोडे आणि दिंड्यांसह निघत होती तेव्हा तिकडे ग्वाल्हेरीस गादीमागे बसून बायजाबाई राज्य चालवीत होत्या. ज्या शितोळे सरकारांचे अश्व आषाढीला अंकलीहून चालत येतात, त्या शितोळ्यांची आणि शिंद्यांची सोयरीकही होती. असो. पालखीच्या गोष्टीत शिरले तर मी दिवसभर उठायची नाही.

बायजाबाईंचा जन्म १७८४ चा, कागलचा. वडील सखाराम घाटगे, पुढे सर्जेराव म्हणून गाजले, गाजले म्हणण्यापेक्षा कुप्रसिद्ध झाले म्हणावे. आई सुंदराबाई. घाटगे हे जुने देशमुख घराणे, कुळाचा अभिमान मोठा. शिंदे तेव्हा हिंदुस्थानात सगळ्यांत बलाढ्य असले तरी कागलकरांच्या लेखी कुळाने उणे. त्यामुळे दौलतराव शिंद्यांनी मुलीला मागणी घातली तेव्हा सर्जेरावांनी प्रथम आढेवेढे घेतले. दौलतराव हे महादजी शिंद्यांचे वारस. महादजी १७९४ मध्ये आपल्या जवळच, पुण्याला वानवडीत वारले; तिथली छत्री तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली असेल. पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती एवढी मोठी फौज आली. या पोराच्या मनात कागलची देखणी मुलगी भरली होती.

मग सौदा झाला. मुलगी द्यायची, आणि जावयाने सासऱ्याला दिवाणगिरी द्यायची. दुसरा बाजीराव पेशवेपदासाठी शिंद्यांच्या आधारावर होता आणि त्याने त्यांना दोन कोट रुपये कबूल केले होते. १७९७ च्या शेवटच्या दिवशी नाना फडणविसांना शिंद्यांच्या छावणीत कैद केले गेले आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात हे लग्न लागले. नवरी चौदा वर्षांची.

लग्न झाले, पण कबूल केलेले दोन कोट पेशव्यांजवळ कुठे होते? तेव्हा बाजीरावाने सांगितले, पुण्याच्या धनिकांकडून वसूल करा. ते काम अंगावर घेतले नवरीच्या बापाने. सावकार, जुने कारभारी, नानांच्या बाजूची माणसे धरून आणली, फटके मारले, तापलेल्या तोफांना बांधले. त्यात माणसे मेली. पुण्याच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सर्जेरावाचे नाव पिढ्यान्पिढ्या शिवीसारखे राहिले.

मला या ठिकाणी नेहमी थांबायला होते. अंगाची हळद उतरली नाही अशी चौदा वर्षांची मुलगी तंबूत बसली आहे आणि बाहेर तिच्या बापाच्या नावाने शहर आक्रोश करते आहे. तिला काय कळत असेल, काय वाटत असेल, हे कोणत्याही कागदात नाही. बखरकार लढाया लिहितात, मोहरा मोजतात. पण आपल्यापैकी जिचे माहेर गावात बदनाम झाले आहे, तिला ते सांगायला नको. माहेरची अब्रू सासरी पुरवून वापरावी लागते. पुढे १८०९ साली याच सर्जेरावाला जावयाच्या छावणीत भाल्यांनी मारून टाकले. म्हणजे नवऱ्याच्या माणसांनी बाप मारला, आणि तरीही ही बाई त्याच नवऱ्याजवळ राहिली, आणि दौलतरावांवर तिचा शब्द चालत राहिला. हे कसे निभावले असेल, ते तीच जाणे.

त्या घोड्यावर बसण्यात पटाईत होत्या, भाला आणि तलवार चालवीत. नवऱ्याच्या स्वारीत बरोबर असत. १८०३ च्या सप्टेंबरात असईला वेलस्लीशी शिंद्यांची जी मोठी लढाई झाली, तिथेही त्या होत्या असे सांगतात. लढाई हरली, तहावर तह झाले. त्यांतल्या १८०५ च्या तहात एक कलम आहे ते मला फार मजेचे वाटले. कंपनीने दौलतरावाला सालीना चार लाख द्यायचे ठरले, ते ठीक. पण त्याखेरीज बायजाबाईंच्या नावे दोन लाखांची आणि मुलगी चिमणाबाई हिच्या नावे एक लाखाची जहागीर! इंग्रज हिशेबी माणूस. ज्या बाईच्या हाती काही चालत नाही तिच्या नावाने तो दोन लाख लिहील का?

आणि ही बाई नुसती जहागीर घेऊन स्वस्थ बसणारी नव्हती. उज्जैनीला तिच्या पेढ्या होत्या, सावकारी होती, हुंड्या चालत. माळव्यातले मोठे सावकार तिच्याशी बरोबरीने व्यवहार करीत. पुढे राज्य हाती आल्यावर प्रत्यक्ष कंपनी सरकारलाही तिने मोठी रक्कम कर्जाऊ दिली. आपल्या मंडळाच्या भिशीचा हिशेब लिहिताना आम्हा दोघी-तिघींची जी तारांबळ उडते, ती आठवून मला हसू आले.

१८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा बायजाबाईंचे मत होते की शिंद्यांनी बाजीरावाच्या मदतीला जावे. दौलतराव कचरले, इंग्रजांना शरण गेले. तेव्हा त्यांनी नवऱ्याला भेकड म्हटले आणि काही काळ त्या वेगळ्या राहिल्या, असे सांगतात. कुणी म्हणेल, बापाला छळायला लावणाऱ्या त्याच बाजीरावासाठी? राजकारणात माणसे आणि कारणे निराळी असतात, त्यांना ते दिसत असावे. माझ्यासारख्या बाईने जास्त काय बोलावे?

२१ मार्च १८२७ रोजी दौलतराव वारले. मुलगा झाला होता तो जगला नव्हता. मरताना त्यांनी कारभार बायजाबाईंवर सोपवला. दत्तक घेणे भाग होते. शिंद्यांच्याच भाऊबंदकीतला अकरा वर्षांचा मुकुटराव पसंत केला, जूनमध्ये दत्तविधान झाले, नाव ठेवले जनकोजीराव. आणि बाईंनी आपल्याच मुलीची मुलगी, आपली नात, त्याला दिली. दत्तक मुलगा आणि नातजावई एकच! आपल्याकडे नाती अशी घट्ट बांधायची रीत आहे. गाठ पक्की बसते खरी, पण सुटताना दोरीच तुटते.

सहा वर्षे त्यांनी राज्य केले. वसूल वेळेवर, हिशेब चोख, सैन्याचा पगार भागलेला. वास्तूही बांधल्या. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवर दगडी खांबांचा मंडप १८२८ मध्ये त्यांनी बांधला. १८३० मध्ये शिंदे घाट बांधायला काढला. तो इतका अवजड झाला की गंगेच्या काठात खचला आणि तसाच राहिला, शंभरेक वर्षांनी पुढच्या शिंद्यांनी तो नीट केला. उज्जैनीचे गोपाळमंदिरही त्यांचेच. तुम्ही महाकालेश्वराला जाता, तेव्हा रिक्षावाला चांदीचे दरवाजे दाखवायला नेतो, तेच ते. ते कुणी बांधले म्हणून मी दर्शनाला आलेल्या चार जणींना विचारले होते. चौघींनीही सांगितले, "शिंदे महाराजांनी."

आता भांडणाची गोष्ट, आणि ती मी एका बाजूने सांगणार नाही.

जनकोजी मोठा होऊ लागला. त्याला वाटे, राजा मी, आणि शिक्का आईसाहेबांकडे. बायजाबाईंचे म्हणणे, मी जिवंत असेपर्यंत कारभार माझा, नवऱ्याने तो मला दिला आहे. मुलाला त्यांनी फार दाबात ठेवले, कारभार शिकवला नाही, हे खरे आहे. स्वतः एवढी शहाणी बाई, पण मुलाला हाताशी धरून कामाला लावावे हे तिला सुचले नाही, किंवा सुचूनही करवले नाही. आपल्या मंडळात ज्यांच्या घरी सुना आल्या आहेत, त्यांनी मनातल्या मनात हो म्हणावे, मोठ्याने म्हणायची गरज नाही.

१८३२ च्या डिसेंबरात गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरीला येऊन गेले. दोघांचे ऐकले, कुणालाच स्पष्ट काही सांगितले नाही. अशा मुग्ध बसणाऱ्या मोठ्या माणसांमुळे घरातली भांडणे किती वाढतात! १८३३ च्या जुलैत पलटणी जनकोजीच्या बाजूने उठल्या. बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. धोलपुराकडून त्या आग्र्याच्या बाजूला गेल्या. वय पन्नाशीला टेकलेले. बरोबर जावई आप्पासाहेब पाटणकर, नात, दासी, घोडे आणि तंबू.

भाऊ हिंदुराव घाटगेही ग्वाल्हेरातून उठला आणि दिल्लीला जाऊन राहिला. टेकडीवरची एका इंग्रज अधिकाऱ्याची मोठी कोठी त्याने घेतली. तो १८५५ मध्ये वारला, पण दोन वर्षांनी सत्तावनच्या दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजांचे मुख्य ठाणे त्याच कोठीत होते, आणि आज त्या जागी हिंदुराव रुग्णालय आहे. दिल्लीला राहणाऱ्या आपल्या एका भगिनीच्या जावयाने ते नाव रोज वाचले होते, पण हिंदुराव कोण हे त्याला ठाऊक नव्हते. कागलचा घाटगे, बायजाबाईंचा भाऊ! याच कागलकर घाटग्यांच्या घरात १८७४ मध्ये जन्मलेला मुलगा पुढे कोल्हापूरला दत्तक गेला आणि राजर्षी शाहू महाराज झाला, हेही सांगून ठेवते.

या वनवासाच्या काळातली बायजाबाई आपल्याला जवळून दिसते ती एका इंग्रज बाईमुळे. तिचे नाव फॅनी पार्क्स. नवरा अलाहाबादला सरकारी नोकरीत. ही बाई सतार शिकायची, देशी बोली बोलायची, जनानखान्यात बसायची. १८३५ मध्ये फतेगडच्या छावणीत तिची आणि बायजाबाईंची भेट झाली, पुढे अलाहाबादलाही होत राहिली. १८५० मध्ये तिने प्रवासाचे मोठे दोन खंडांचे पुस्तक लंडनला छापले, त्यात हे सगळे आहे. त्यात दिसणारी बायजाबाई केस पिकलेली, जराशी स्थूल, हसणे आणि आवाज फार गोड असलेली, हातपाय लहान आणि सुबक अशी आहे. विधवा म्हणून दागिने नाहीत, फक्त हातात सोन्याच्या साध्या बांगड्या. जवळ नात गजराजा मात्र दागिन्यांनी मढलेली.

छावणीत बायकांचे घोडे होते. फॅनीबाईने आपला विलायती घोडा आणला, त्यावर एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायचे खोगीर. आमच्या मराठमोळ्या बायका ते पाहून पोट धरून हसल्या. असे वाकडे बसून कुणी घोडा पळवते का? मग त्यांनी तिला काष्ट्याचे लुगडे नेसवले आणि मराठी पद्धतीने दोन्हीकडे पाय टाकून बसवले. तिला ते इतके आवडले की आपल्या देशात बायकांना असे तिरके बसायला लावणाऱ्या राणीला तिने वेड्यात काढले. हे वाचताना मी खूप हसले. लहानपणी आमच्या गावात बैलगाडी जुंपता येणाऱ्या बायका होत्या, त्या आठवल्या.

पण त्याच पुस्तकात दुसरे एक बोलणे आहे. बायजाबाईंनी विचारले, तुमच्याकडे विधवेने कसे राहायचे? आमच्याकडे जमिनीवर निजायचे, एकवेळ साधे जेवायचे, अंगावर काही घालायचे नाही, तुमच्यात? फॅनीने सांगितले ते सांगितले, आणि मग दोघी बोलत राहिल्या, की इंग्लंडात कायद्याने लग्न झालेल्या बाईचे स्वतःचे असे काहीच नसते, ती नवऱ्याची बांदीच. विचार करा, राज्य गमावलेली एक मराठा विधवा आणि साहेबाच्या देशातली एक गोरी सवाष्ण, तंबूत बसून एकमेकींना आपापल्या बेड्या दाखवीत आहेत. तेव्हा इंग्लंडात खरोखरच सवाष्ण बाईची मिळकत नवऱ्याची होत असे. तो कायदा बदलायला १८८२ साल उजाडले. आणि इकडे ही, जिच्या स्वतःच्या पेढ्या!

त्या पेढ्यांवरच पुढे सगळे अडले. जनकोजीचे म्हणणे, बाईंजवळचा पैसा दौलतीचा. बाईंचे म्हणणे, तो माझ्या जहागिरीचा आणि सावकारीचा. कंपनीला तर त्यांची छावणी ग्वाल्हेरपासून दूर हवी होती. म्हणून कंपनीचा आग्रह सुरू झाला की, बाईसाहेबांनी काशीला जाऊन राहावे. वय झाले, विधवा आहेत, गंगेच्या काठी रहावे, देवधर्म करावा. ऐकायला किती गोड!

बायजाबाई म्हणाल्या, नाही. घाट मी बांधला, मंडप मी बांधला, पण मी काशीला जायची ती माझ्या मनाने जाईन. त्यांचे शब्द हे नव्हेत, हे माझे शब्द आहेत. पण वर्तन हेच होते. वर्षानुवर्षे त्या हटून राहिल्या.

भगिनींनो, इथे मला माझे थोडे सांगावेसे वाटते. सांगू की नको असे आठ दिवस चालले होते.

आळंदीत आपल्या गल्लीगल्लीत खोली घेऊन राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत. काही माउलींच्या ओढीने आल्या, त्यांचे भाग्य थोर. काही आणून ठेवलेल्या आहेत. "आई, तू आता हरिहरि कर," असे गोड बोलून. मी स्वतः चाकणकडच्या एका गावची सून. आमची कोरडवाहू जमीन, बाजरी आणि मटकीची. मग कारखाने आले, रस्ते आले, आणि ज्या रानात आम्ही शेण्या थापायचो त्याचा भाव गुंठ्यावर बोलू लागले. हे गेले आणि तेराव्याच्या आत घरातल्या पुरुषमंडळींत कागदाची बोलणी सुरू झाली. माझ्या माहेरच्याही जमिनीचा कागद त्याच वर्षी आला. हक्कसोडपत्र. भाऊ आला, साडी आणली, पेढे आणले, आणि म्हणाला, "अक्का, फक्त सही कर, नाहीतर पुढे माझ्या पोरांना त्रास होईल." मी सही केली. माहेर राहावे म्हणून केली. वाचलाही नाही कागद. साडी अजून घडी न मोडता पडली आहे. माहेरी जाणे मात्र दोन वर्षांत एकदा झाले, तेही एका मयतीला.

मग सासरचा कागद आला. मुलगे वाईट नाहीत हो. कर्ज आहे, धंद्याला पैसा हवा आहे, सगळे मला समजते. ते म्हणाले, "आई, तुला आळंदीत चांगली खोली घेऊन देतो, रोज दर्शन, काकडा, हरिपाठ, तुला आणखी काय पाहिजे?" मी आले. खोली चांगली आहे. दर्शन होते, हे सुख खोटे म्हणणार नाही. पण तो कागद मी म्हटले वाचून सही करते. तो माझ्या ट्रंकेत आहे.

कायद्याचे मला नातीने समजावले, ती वकिलीला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला आणि मुलीला मिळकतीत वाटा मिळाला, १९९४ मध्ये आपल्या महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने धरले, आणि २००५ मध्ये ते सगळ्या देशासाठी झाले. सही केली की मात्र वाटा गेला. मी तिला म्हटले, हे मला भाऊ पेढे घेऊन आला त्या दिवशी कुणी का सांगितले नाही? ती म्हणाली, "आजी, तू विचारले नाहीस." खरे आहे, विचारले नाही.

बायजाबाईंच्या गोष्टीकडे वळते, नाहीतर अध्यक्षाबाई घंटा वाजवतील.

काही वर्षे त्या अलाहाबादला राहिल्या, पुढे दक्षिणेत येऊन नाशिकला राहिल्या. फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजी वारला, तोही निपुत्रिक. त्याची विधवा ताराबाई तेरा वर्षांची पोर. तिच्या मांडीवर आठ वर्षांचा जयाजीराव दत्तक दिला. कारभाऱ्यांची भांडणे, त्यातून त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनियार इथे इंग्रजांशी एकाच दिवशी दोन लढाया, शिंद्यांची फौज मोडली. तेरा वर्षांच्या विधवेकडून कारभार काढून घ्यायला कुणाला वेळ लागला नाही. ती बिचारी काय हटून बसणार? हटून बसायलाही पेढी लागते, वय लागते.

बायजाबाईंचा घुस्सा जनकोजीशी होता, तो सरला. त्या उज्जैनीला येऊन राहिल्या, १८४७ पासून नऊएक वर्षे, आणि मग पुन्हा ग्वाल्हेरीस. बाहेर पडल्या तेव्हा पन्नाशीच्या, परत आल्या तेव्हा सत्तरी उलटलेल्या. आणि आल्या आल्या समोर सत्तावन.

१८५८ च्या जूनच्या पहिल्या दिवशी तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीच्या लक्ष्मीबाई ग्वाल्हेरीवर आले. जयाजीरावाचे सैन्य त्यांना मिळाले, तो स्वतः आग्र्याला पळाला. राजवाड्यात राण्या आणि पोरेबाळे. त्यांना घेऊन नरवरच्या किल्ल्यात कोण गेले? सत्तरी उलटलेली बायजाबाई. बंडवाल्यांना वाटत होते की पेशव्यांच्या बाजूची ही जुनी बाई आपल्यात यावी. त्या आल्या नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी बाजीरावासाठी नवऱ्याशी भांडलेली बाई आता बाजीरावाच्या दत्तक घराण्याच्या माणसांपासून दूर राहिली. यावर कुणी त्यांना दूषण देतील, देवोत. मला ते तितके सोपे वाटत नाही. लक्ष्मीबाई त्याच महिन्यात ग्वाल्हेरीजवळ पडल्या आणि जगभर त्यांचे नाव झाले, आणि तो मान त्यांचाच. पण घरातल्या लेकीसुना एका किल्ल्यात सुखरूप नेऊन बसवणाऱ्या म्हातारीचे चित्र कुणी काढत नाही.

१८६३ मध्ये बायजाबाई ग्वाल्हेरीस वारल्या. एकोणऐंशी वर्षांचे आयुष्य. बाप, नवरा, मुलगा, मुलगी, दत्तक, भाऊ, सगळे आधी गेले.

त्या स्पेनच्या इन्फांतेचे पुढे काय झाले, तेही सांगते, नाहीतर नात रागवेल. ती सेव्हिल शहरी राहिली, पुष्कळ मुले झाली, त्यांतली निम्मी लहानपणी गेली. थोरली बहीण राणी इसाबेला १८६८ मध्ये राज्याबाहेर घालवली गेली. मग या धाकटीची मुलगी मर्सिडीस त्याच राणीच्या मुलाला, आपल्या मावसभावाला, १८७८ च्या जानेवारीत दिली, प्रेमाचे लग्न. आणि जूनमध्ये ती अठरा वर्षांची पोर तापाने गेली. आई १८९७ पर्यंत जगली.

आता एवढेच सांगायचे राहिले. मंडळाची काशीयात्रा ठरते आहे. ज्या जातील त्यांनी शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर जरा टेकावे आणि नावाड्याला विचारावे, हा कुणी बांधला? "शिंदे महाराजांनी" म्हणाला तर त्याला नीट सांगावे. आणि पुढच्या बुधवारी हरिपाठानंतर माझी नात इथे येणार आहे. ज्यांच्याकडे असले कागद आले आहेत, त्यांनी ते सही न करता घेऊन यावेत. मीही माझा ट्रंकेतून काढून आणते.

चहा झालेला आहे असे मागून खुणावत आहेत. मी बसते.